चित्रातल्या बाईचा काठ

ती केस मी विसरलेलो नाही. विसरायचं म्हटलं तरी घरातली बायकोची ट्रंक विसरू देत नाही.

आठवीच्या दाखल्यावर सिपाही म्हणून भरती झालो आणि एएसआय होऊन घरी बसलो. लिहिणं माझं काम नाही. रोजनामचा लिहिला तो हिंदीत, तोही साहेबांना विचारून विचारून. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

इंदूरच्या विजय नगरात जुन्या वस्तूंचं एक दुकान होतं. खबऱ्याचा फोन आला की तिथं संस्थानकाळच्या दरबारी चित्रकाराचं चित्र गुपचूप विकायला ठेवलंय. माल चोरीचा असणार म्हणून जाऊन जप्त केलं. नऊवारीतली बाई, मांडी घालून बसलेली, हातात पानाचा डबा. चित्राच्या पाठीवर एका जुन्या मराठी घराण्याचं नाव. त्या घरच्यांना ठाण्यात बोलावलं. थोरले गृहस्थ चित्र बघून रडायलाच लागले. "ही आमची पणजी! आजोबा सांगायचे, माळ्यावर तिचं चित्र आहे म्हणून." स्वतः त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. हे मी तेव्हाच ध्यानात घ्यायला हवं होतं. नाही घेतलं.

दुकानदाराला विचारलं, कुठून आणलं? तो हात जोडून म्हणाला, "साहबजी, उनके यहाँ जो खाना बनाती है ना, वो बाई बेच गई."

झालं. स्वयंपाकाच्या मावशींना बोलावलं. साठीच्या, विधवा, अर्धं आयुष्य त्या घरात पोळ्या लाटलेल्या.

"साहेब, माळ्यावर मी लोणच्याच्या बरण्या ठेवते. चित्र नव्हतंच तिथं."

"मग दुकानदार तुमचंच नाव का घेतो?"

"ते त्याला विचारा ना. मला काय विचारता?"

उलट बोलल्या म्हणून मला रागच आला. पोलीसवाल्याला उलट बोललेलं चालत नाही, मी वेगळा नव्हतो. त्यात चित्रांचे जाणकार एक प्रोफेसर आले. तासभर भिंगातून बघितलं. कापड जुनं, खिळे जुने, रंगाला भेगा. लिहून दिलं, चित्र अस्सल. चित्र अस्सल म्हणजे चोरी खरी, आणि चोरी खरी म्हणजे मावशी चोर. घरच्यांनी त्यांना कामावरून काढलंच होतं. तिसऱ्या दिवशी मावशींना ठाण्यात बसवून, अटकेचे कागद तयार करून मी जेवायला घरी आलो.

मोबाइलवर चित्राचा फोटो होता. बायकोला सगळी केस सांगून तो दाखवला, फुशारकी मारायला. तिने चष्मा लावला, फोटो मोठा केला.

"ही तर शिवलेली नेसलीय."

"काय?"

"नऊवारी हो. बाजारात तयार मिळते ना, पायजम्यासारखी. आत पाय घातले की झालं. नाचाच्या पोरी घालतात."

"अगं, प्रोफेसरांनी लिहून दिलंय जुनं आहे म्हणून."

"लिहू देत. तुमच्या प्रोफेसरांनी कधी लुगडं नेसलंय का? काठ बघा, मांडीवर कातरून जोडलाय. लुगडं म्हणजे नऊ वार सलग कापड, त्याचा काठ मधेच तुटेल कसा? आणि कमरेला निऱ्यांचा घोळ खोचलेला कुठाय? पणजीच्या काळी हे शिवून देणारा दर्जी कोण होता?" मग वरणाची वाटी तिने हातातच धरून ठेवली. "आधी त्या बाईला सोडा. मग जेवा."

ताट तसंच सोडून ठाण्यात गेलो.

दुकानदाराला खुर्ची दिली, चहा पाजला. खोटं बोलणाऱ्याला दम देऊ नये, खुर्ची द्यावी. तो सैल होतो. इकडचं तिकडचं बोलून सहज विचारलं, "भिया, वो नौवारी किस टेलर से सिलवाई?"

कप बशीवर आपटला. संध्याकाळपर्यंत सगळं ओकला. महूजवळचा एक चित्रकार. त्याने एका मुलीला भाड्याची शिवलेली नऊवारी घालून समोर बसवलं आणि दिसलं तसं काढलं. हात चांगला होता, म्हणून काठाचा जोडसुद्धा इमानाने काढला. कापड आणि खिळे कुठल्यातरी जुन्या, फुटकळ चित्राचे. रंगाच्या भेगा उन्हात तापवून आणलेल्या. पणजीची गोष्ट दुकानदाराने त्या घरी जुनी पितळी भांडी घ्यायला गेला तेव्हा ऐकली, म्हणून चित्रामागे त्या घराण्याचं नाव घातलं. त्या दिवशी मावशींनी त्याला चहा दिला होता. नाव सांगायची वेळ आली तेव्हा तोच चेहरा आठवला.

प्रोफेसरांना कळवलं. भला माणूस, तोंड लपवलं नाही. म्हणाले, "त्या दरबारी चित्रकाराने काढलेली एक तरी बाई सापडावी म्हणून जन्मभर वाट बघितली. समोर आली, मग मी कापड बघितलं, खिळे बघितले. साडी बघितलीच नाही."

मी कोणत्या तोंडाने हसणार? त्यांना चित्र हवं होतं, मला चोर हवा होता. ज्याला जे हवं असतं ते तो तपासत नाही. मी उभ्या नोकरीत शिकलो त्यातलं हे एवढंच सांगण्यासारखं आहे, आणि तेही दुसऱ्याने शिकवलेलं.

मावशींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला नको. त्या घरात जाऊन सांगा." गेलो. सगळ्यांसमोर सांगितलं. मावशींना खरं काय तेही सांगितलं, की तुम्हाला मी नाही सोडवलं, माझ्या बायकोने सोडवलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात कैरीच्या लोणच्याची बरणी आमच्या घरी.

केस डायरीत मात्र मी लिहिलं, विश्वसनीय मुखबिर की सूचना पर, म्हणजे खात्रीच्या खबऱ्याने सांगितलं म्हणून. बायको खूप हसली. "मुखबिर का? बरंय, बायकोचं ऐकलं असं तर नाही लिहावं लागलं!" शाबासकीचं पत्र मला मिळालं. ते मी एकट्यानेच घेतलं.

मागच्या साली ती गेली. सवाष्ण गेली, म्हणून हिरवी नऊवारी नेसवायची. घरात कोणाला नेसवता येईना. सूनबाई बिचारी बाजारात धावली आणि घेऊन आली ती शिवलेली. मी त्या पिशवीकडे बघत राहिलो.

तेवढ्यात मावशी दारात. कोणी कळवलं, मला अजून माहीत नाही. त्यांनी पिशवीत बघितलं आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "बेटा, ह्यांना ही नाही चालायची." ट्रंकेतून तिचं हिरवं लुगडं काढलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

दार उघडलं तेव्हा निऱ्या कमरेला नीट खोचलेल्या होत्या. काठ पावलापर्यंत सलग होता, कुठंही तुटलेला नाही.

सरकारी कागदात तिचा उल्लेख नाही. ती केस माझ्या बायकोने सोडवली होती. एवढं एक वाक्य लिहायचं राहिलं होतं, म्हणून हा कागद घेतला.