बुडालेल्या झाडांची जागा

आमच्या खाली राहणारे मालवणचे काका दर एप्रिलमध्ये तळ्यावरून क्रॅपी नावाचे चपटे, चंदेरी मासे आणत आणि व्हर्जिनियातल्या आम्हा एकट्या पोरांना जेवायला बोलावत. मासे केव्हा मिळतात ते कुणालाही सांगत. डॉगवुडच्या झाडांना पांढरी फुलं आली की पहाटे, काठालगत बुडालेल्या झाडांपाशी. पण एवढ्या अफाट तळ्यात ती झाडं कुठे, असं विचारलं की म्हणत, "काटे बघून खा रे."

त्या वर्षी माझा जॉब गेला. दुसरा मिळाला नाही तर भारतात परतावं लागणार होतं. शनिवारी काकांनी दार वाजवलं, मला गाडीत बसवलं आणि थेट त्या झाडांपाशी नेलं.

"काका, आज कसं काय?"

गळाला आमिष लावत ते म्हणाले, "आता तुला दाखवायला हरकत नाही."

तोवर मला वाटत होतं, दुसरा जॉब मिळेल.