तांबीचा विटाळ

माझं खरं कुणी मानलंच नाही! गिरणीच्या चाळीत सगळ्या बायका एकाच नळावर भांडी घासतात, तिथं किस्से राखेसारखे साठतात. पण तांबीच्या किश्शात शेण उडालं ते माझ्या अंगावर. म्हणून मीच सांगते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण तोंड पहिल्यापासून पक्कं आहे.

*

तांबी म्हणजे आमची कुत्री. सामाईक ओसरीच्या फरशीवर रोज रक्ताचे थेंब दिसायला लागले. पहिल्या खोलीतल्या पार्वताक्कांनी ते पाहिले आणि झालं! आमच्याकडे अडचण आलेली बाई जिन्यापाशी वेगळी बसते. तिथं तर कुणीच नव्हतं. म्हणजे कुणीतरी लपवून चाळभर हिंडतंय!

आक्कांनी गोमूत्र शिंपडलं आणि बायकांना रांगेत उभं केलं. "कुणाचं हाय ते गुमान सांगा."

"तांबीचं हाय," मी म्हटलं.

"कुत्री वर्षातनं दोनदा माजावर येती. ही काय बारमाही नळ हाय व्हय? तुझंच आसंल!"

मग मी पदर खोचला. "आक्का, माझं संक्रांतीपासनं बंद झालंय! दवंडी पिटू का चाळीत?"

ओसरीवर दाढी करत बसलेले बाप्ये अर्धी दाढी घेऊन आत पळाले!

*

शेजारच्या विणकराची बायको नागम्मा. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. ती म्हणाली, "लंगोट बांध गं तिला. पुरावा मिळंल."

घरात लंगोट एकच, आमच्या ह्यांचा, तालमीचा. मी तो तांबीला बांधला. संध्याकाळी हे लंगोट शोधून दमले आणि तसेच तालमीत निघाले, तर वासावर तीही मागोमाग गेली!

वस्ताद म्हणाले, "हा नवा पठ्ठ्या कुणाचा रं? कपडे करूनच आलाय!"

ह्यांनी आपला लंगोट ओळखला आणि लाल मातीकडे बघत म्हणाले, "मी न्हाय हिला वळखत." तोवर तांबी त्यांचे पाय चाटायला लागली होती.

लंगोटावर डाग सापडले. मी तो आक्कांपुढं धरला. आक्का म्हणाल्या, "नवऱ्याच्या लंगोटाला रगत फासून पुरावा करती! काय बाई तरी!"

*

पण तांबी वाळत चालली. हिरड्या पांढऱ्या पडल्या, जिना चढताना मधेच बसायची. अशानं ती मरणार, हे मला दिसत होतं. मी तिला पाटीत घातली, पाटी डोक्यावर घेतली आणि ढोरांच्या दवाखान्यात गेले. पुढं बैल, मागं बकऱ्या.

शेळी घेऊन बसलेला धनगर हसला. "मावशे, कुत्रीला डाक्टर? उद्या मांजरीला वकील करशील!"

"तुला बोलायला एक वकील लागंल, मग मांजरीला का नको?" मी म्हटलं. पुढं तो शेळीशीच बोलत बसला.

डॉक्टर तरुण, पण माणूस बरा. म्हणाले, "एवढे दिवस रक्त जातंय म्हणजे हा माज नव्हे. पिशवीत बिघाड असेल तर पिशवी काढावी लागेल."

*

चाळीत नळावर सभाच भरली.

"पिशवी काढल्यावर कुत्री भुकत न्हाय," आक्का म्हणाल्या.

"आक्का, ती काय पिशवीनं भुकती?"

"खंडोबाचं जनावर ते! वांझ केलंस तर तळतळाट लागंल."

ह्यांनी वेगळीच भीती घातली. गिरणीच्या साहेबाच्या कुत्रीची पिशवी काढली, तर ती म्हणे उशीसारखी फुगली. मी ते डॉक्टरांना विचारलं.

"ती बिस्किटांनी फुगली, मावशी. तुमच्याकडं बिस्किटं आहेत?"

"भाकरीच पुरत न्हाय!"

"मग ती काळजी सोडा. भीती वेगळीच आहे. अंगात रक्त नाही, क्लोरोफॉर्मची भूल सोसायला हवी. आधी तिला काळीज खायला घाला."

मी तांबीला काळीज आणलं. हे ताटावर बसले, आमटीत बोट फिरवलं आणि म्हणाले, "मला कधी अशक्तपणा येणार गं?"

*

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी दाराबाहेर बसले होते. डॉक्टर बाहेर आले. "मावशी, पिशवी धड आहे. तिच्या खाली, पिल्लं बाहेर येतात त्या वाटेत गाठ होती, फुलकोबीसारखी. ती काढली. पोट फाडलं नाही, तेवढी ताकद नव्हती तिच्यात."

"जगंल?"

"जगेल. पण हा रोग संगतीचा आहे, नराकडून येतो. तो नर गाठा, नाहीतर गल्लीतल्या साऱ्या कुत्र्या गळायला लागतील."

*

थेंब थांबले, तांबी जिना चढायला लागली. मग एका रविवारी डॉक्टर सायकलवर चाळीत आले. पार्वताक्का ओसरीवर पाट टाकून बसल्या. "आणा रं सगळी कुत्री! कोण पापी हाय त्यो बघूच!"

बायकांनी गल्लीतले कुत्रे एकेक धरून आणले. डॉक्टर वाकून तपासत आणि म्हणत, "निर्दोष." प्रत्येक सुटकेला आक्कांची मान हले.

कुत्रे संपले. नागम्मा म्हणाली, "आक्का, तुमचा राहिला की."

"माझा? तुळशीपाशी झोपतो त्यो! एकादशीला भाकरीला शिवत न्हाय!"

"आणाच," मी म्हटलं.

आक्कांनी त्याला कडेवर घेऊन आणलं. डॉक्टर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग उठले, हात पुसले. "आजी, गाठ इथंच आहे. नाव काय ह्याचं?"

आक्कांनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

आजही अर्धी दाढी घेऊन बघत उभ्या बाप्यांसकट सगळी चाळ एका आवाजात ओरडली, "साधू!"