मेव्हण्याची गिटार

फणसाच्या लाकडावर टकटक केली की ते कसं गाईल ते मला तिथंच कळतं, असं मी अख्ख्या कुंभकोणात सांगत फिरायचो. घरी बायको दारावर टकटक करून दमायची, ते मात्र ऐकू यायचं नाही. अजून फणस चिरल्याचा गोडसर वास आला की ती गिटार आठवते. पाद्रीसाहेबाची विलायती गिटार आमच्या उकाड्यानं तडकली, तेव्हा तो आमच्या सासऱ्याच्या वीणेच्या कारखान्यात येऊन म्हणाला, इथल्या लाकडाची करा, ज्याची चांगली वाजेल त्याला पुढचं सगळं काम. सासऱ्यानं एकाच खोडाचं लाकूड मला नि धाकट्या मेव्हण्याला दिलं. मेव्हण्यानं फळ्या पापडासारख्या पातळ तासून गरम मडक्यावर वाकवल्या. ते बघून माझ्या पोटात दुखायला लागलं. मी वीणेसारखा ओंडकाच पोखरला, वर त्याच्यावर मात म्हणून वीणेला असतं तसं दात विचकलेलं, सिंहासारख्या याळीचं तोंडही कोरलं. "भावोजी, ही न्यायला बैलगाडी सांगू का?" मेव्हणा म्हणाला. त्याची वाजली तेव्हा रस्त्यातली माणसं थांबली. माझीच्या तारा साहेबानं छेडल्या, तर आतून हूं नाही की चूं नाही. इतकी वर्षं झाली, पोटात अजून दुखतं. सासऱ्यानं त्या याळीवरून हात फिरवला नि म्हणाला, "जावईबुवा, तुम्ही नुसती तोंडं कोरत जा. वाद्यं त्याला करू दे."