जुने सोलर, नवीन सोलर

“अहो इंजिनियर, गरम पाणी कधी येणार?”

सकाळचे साडेसात. बिबवेवाडीतल्या एका सोसायटीची गच्ची. माझ्या मागे आदल्याच दिवशी सुरू केलेली सोलर पॅनेलं. समोर खांद्यावर पंचा टाकून दामलेकाका, बाराही फ्लॅटच्या वतीने.

“काका, ही वीज बनवतात. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे त्यावर चालणार. पाणी नाही तापत.”

“म्हणजे हे सोलर नाही?”

“सोलरच आहे.”

“मग पाणी?”

असे आम्ही तीनदा गोल फिरलो. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

पुण्यात ‘सोलर’ म्हणजे गच्चीवरचा पाणी तापवणारा हीटर. ‘सोलर आलं का?’ म्हणजे नळाला गरम पाणी आलं का. माझीच बायको रोज ओरडते, “सोलर आलंय, अंघोळीला जा!” या धंद्यात वीस वर्षं काढली, आणि हे मला सोसायटीच्या ऐन मीटिंगमध्ये आठवलं नाही. तिथे मी ऐटीत स्लाइड दाखवत होतो: भविष्यात बहुतेक नवी वीज सूर्याची, खालोखाल वाऱ्याची. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ठरावही मीच लिहून दिला: ‘जुने सोलर काढून नवीन सोलर बसविणे.’ एकमताने मंजूर. जुने गळके हीटर भंगारात गेले.

सेक्रेटरी आपटेबाई खाली वाटच बघत होत्या. “रविवारी मीटिंग आहे. पॅनेलं काढायची की मला, एवढाच विषय.”

मी बॉसला फोन लावला. “सर, क्लायंटला गरम पाणी हवंय.”

“मग गीझर घ्या म्हणावं.”

“सर, ते आपली पॅनेलं उतरवायला निघालेत.”

“ठराव कोणी ड्राफ्ट केला?”

“सर, रेंज जातेय,” म्हणत मी फोन ठेवला.

रविवारी लॅपटॉप नेला नाही. उभा राहिलो आणि म्हणालो, “चूक माझी, बाईंची नाही. मी वीज म्हणत होतो, तुम्ही अंघोळ ऐकत होतात.” मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. धीर आला. “पॅनेल उजेडाची वीज करतं, हीटर उन्हाने पाणी तापवतो. दोन वेगळ्या वस्तू. जिन्याच्या खोलीचा माथा रिकामा आहे, तिथे हीटर बसतो. मापं घेऊन आलोय.”

दामलेकाकांनी हात वर केला. “त्या दिवशी पवनचक्कीपण दाखवलीत. तिचं काय?”

“तिला मोकळा वारा लागतो, काका. माळावर, समुद्रात ती खूप वाढणार. इथे इमारतींच्या गर्दीत नुसती शोभा.”

“म्हणजे भविष्यात ऊनच?”

“बहुतेक.”

“बरं. भविष्यात अंघोळ करू. तोवर?”

“तोवर दहा दिवस बादलीत कॉइल.”

मतदान झालं. पॅनेलं राहिली, बाईही राहिल्या. विरोधात एकच हात होता, तो कोणाचा हे सांगत नाही. काकांनी मात्र इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं: ‘दहा दिवस म्हणजे दहाच.’ अकराव्या दिवशी हीटर चालू झाला. तो एक दिवस मला अजून ऐकवला जातो.

भविष्यातली ऊर्जा कुठली, हे आता मला कोणीही विचारावं, उत्तर तयार आहे. पण कामाच्या फॉर्मवर पहिला प्रश्न मी नवा घातलाय: ‘आपणांस वीज हवी की गरम पाणी?’

गेल्या आठवड्यात शनिवार पेठेतून एक फॉर्म भरून आला. उत्तर होतं: ‘दोन्ही. आणि वेळेवर.’