लियाकत मिस्त्रीचं पेडल

लियाकत मिस्त्री शिंप्याचा मुलगा. ब्रह्मपुरीला बापाचं दुकान होतं. बाप जन्मभर पायानं मशीन चालवत आणि दोन्ही हातांनी कापड सरकवत बसला. पोराला सुईदोऱ्यात गोडी नव्हती. आयटीआय करून तो गोंडपिपरी रस्त्यावरच्या एका प्लायवुडच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मालकानं पुण्याहून एक साहेब आणला. हा जपानला जाऊन आलेला. कायझेन, कायझेन म्हणत त्यानं आठ दिवसांत जमिनीवर पिवळे पट्टे मारून घेतले आणि पान्या-हातोड्यांना भिंतीवर जागा नेमून दिल्या. रोज थोडीथोडी सुधारणा करा, ती तुम्हालाच सुचणार, कारण मशीन तुमच्या हाताखाली असतं, असं तो पोटतिडकीनं सांगे. खोटं बोलत नव्हता बिचारा. आपल्या लोकांना तोवर कुणी अक्कल विचारली नव्हती, त्यामुळे सगळे हुरळून गेले. काही बिघडलं तर पाच वेळा ‘का’ विचारायचं, पाचव्या उत्तराला मूळ सापडतं, हेही त्यानंच शिकवलं. कारखान्यात त्याचं लगेच ‘पाच काऊन’ झालं. डब्यातल्या भाजीत मीठ कमी निघालं तरी लोक पाच काऊन लावत, आणि शेवटचं उत्तर दर वेळी कुणाच्या तरी सासूपाशी जाऊन थांबे.

लियाकतनं सूचनापेटीत चिठ्ठी टाकली ती कटरबद्दल. लाकडाचे कागदासारखे पातळ ताव कापणारं ते मशीन. त्याला दोन बटणं होती, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच पातं खाली येई. कटरवर लटारू मेश्राम असे, लियाकतपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. त्यानं ताव नीट लावावा, सोडावा, बटणांकडे हात न्यावेत, तोवर ताव हललेला. लियाकतला ते बघवत नसे. त्यानं बटणं काढून टाकली आणि खाली पेडल बसवलं. हात तावावर, पाय पेडलवर, बापाच्या शिलाई मशीनसारखं. काम दीडपट झालं. बोर्डावर लियाकतचा फोटो लागला, बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि त्याच्या बायकोनं, साबिरानं, मोहल्ल्यात घरोघरी शेवया वाटल्या. जुन्या मशीनवर दोन्ही हात बटणांवर अडकवून का ठेवले होते, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही. तिथं एक काऊन पुरला असता.

दिवाळीच्या तोंडावर मालाची घाई होती. वाकडा आलेला ताव सरळ करताना लटारूचा पाय पेडलवर पडला. उजव्या हाताची चार बोटं गेली. लियाकतनंच त्याला जीपमध्ये घालून चंद्रपूरला दवाखान्यात नेलं. लटारू रडला-ओरडला नाही. “मिस्त्री, ताव खराब नाई झाला ना?” असं मात्र त्यानं वाटेत दोनदा विचारलं. त्या दिवसापासून लियाकत बधिर झाला. जेवायचा, पण काय खाल्लं ते सांगता येत नसे. लोक बोलायचे, ते त्याला ऐकू यायचं, आत पोचायचं नाही.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं अपघाताचा कागद त्याच्यापुढे ठेवला. पाच ओळींचा. बोटं का गेली? पातं खाली आलं. पातं का आलं? पेडल दाबलं गेलं. का दाबलं? पाय पडला. तेव्हा हात पात्याखाली कसा? कारण हात मोकळे होते. चार ओळी लियाकतनं भराभर भरल्या आणि ‘हात मोकळे का?’ या पाचव्या ओळीपाशी पेन थांबला.

मॅनेजर गोडीनं म्हणाला, “मशीनचा दोष लिहिला तं लटारूले हलकं काम देऊन ठेवा लागते. पण मंग पेडल कोनं लावलं, हेबी लिहा लागन. पाहा, तुमचं तुमी.”

“उद्या देतो,” म्हणून लियाकत कागद घरी घेऊन गेला. साबिरानं तो वाचला आणि परत त्याच्या हातात दिला.

“पेडल तो तुमनेच लगाया ना? फिर लिख दो. ज्यादा से ज्यादा नोकरी जायेगी. अब्बा की मशीन है घर में.”

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या टेबलावर लियाकतनं पाचव्या ओळीत लिहिलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. लाज वाटेल असं त्याला वाटलं होतं, ती वाटली नाही. सुटल्यासारखंही वाटलं नाही. पोटासाठी माणूस काय करत नाही, असं लोक म्हणतात. करतो, पण दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन केलं की त्याला पोटासाठी म्हणू नये.

पंधरा दिवसांनी लटारू त्याच्या दारात आला. हाताला पांढरी पट्टी, खिशात कारखान्याचं पत्र. कामावरून कमी केलं होतं, हिशेब घ्यायला उद्या सही करायची होती.

“मिस्त्री, मले डाव्या हातानं सही शिकवून दे,” तो म्हणाला. “चाळिशीत साक्षरतेच्या वर्गात जाऊन शिकलो होतो. आता अंगठा नाई लावाचा मले.”

लियाकतनं वही काढली. लटारूचा डावा हात आपल्या हातात धरून तो अक्षरं गिरवून घेऊ लागला. ‘ल’ काही केल्या वळेना. ‘ट’ बरा आला. पाऊण तासानं पानाच्या तळाशी ‘लटारू’ उभा राहिला, वाकडातिकडा, पण कुणाचा हात न धरता. लटारू किती तरी वेळ त्या सहीकडे बघत राहिला.

“तू होता म्हून झालं,” तो म्हणाला. “दवाखान्यात तूच नेलं, सहीबी तूच शिकवली. बाकी कोनी पाहाले नाई आलं.”

लियाकतनं वही मिटली. लटारूला कामावरून कमी केल्याचं ऐकल्यापासून साबिरा दारात उभी होती. ती आत गेली आणि चहा घेऊन आली. एकच कप भरून आणला होता, तो तिनं लटारूच्या डाव्या हातात दिला.