खिडक्या मीच लावल्या

"दोघंही पॉझिटिव्ह. आधी कोणाला झालं, काका?" दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हणालो, माहीत नाही. खोटं बोललो. ते खोटं इतकी वर्षं जपलं, मुलापासूनही. आता वयाचं शहात्तरावं सरलं, म्हणून लिहितो.

कोपरीत चाळीतल्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको सुमन राहायचो. चाळ कमिटीचा सेक्रेटरी मी. समोरच्या कदमांकडे कोरोनाचा रुग्ण निघाला तेव्हा त्यांच्या दाराला दोरी मीच बांधायला लावली होती. त्यांच्याकडचं कुणी दूध आणायला उतरलं तरी मी ओरडायचो.

पुढच्याच आठवड्यात सुमन सुकट भाजत होती आणि मला वास आला नाही. कोरडा खोकला सुरू झाला. मला कळून चुकलं. पण आता ती दोरी माझ्या दारावर येणार, कदम बघणार, या धास्तीने मी गप्प बसलो. खोकला बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावल्या, टीव्ही मोठा केला.

"अहो, खिडकी तरी उघडा. सुकटीचा धूर कोंडलाय. नाक गहाण टाकलंत की काय?"

"सर्दी आहे," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी तिला ताप भरला. ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा बोटाचा चिमटा, लावला. आकडा उतरत होता. मी सेल बदलून पाहिले. तरी आकडा कमीच.

मग आरटीपीसीआर झाली. यात नाकाघशातला नमुना घेऊन विषाणू शोधतात. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत खोकल्यातून आलेला विषाणू हवेत तरंगत राहतो. आधी ज्याला झालं त्याने पहिल्याच दिवशी तपासणी केली असती, मास्क लावून वेगळं अंथरूण घातलं असतं, हवा खेळती ठेवली असती, तर कदाचित...

तुमच्या घरात कुणाला असं काही जाणवलं, तर त्याच दिवशी सांगा. लोक काय म्हणतील ते म्हणू द्या.

मी बरा झालो. ती आयसीयूत गेली. मला आत सोडत नव्हते. नर्सने एकदा व्हिडिओ कॉल लावून दिला. मास्कच्या आतून सुमन थांबत थांबत बोलली.

"माझ्यामुळे झालं हो तुम्हाला. मीच भाजीला बाजारात गेले होते. रागावू नका."

सांगायचं ते ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "असू दे. होतं असं."

दोन दिवसांनी ती गेली.

सुमन, तुझ्यामुळे नाही गं. माझ्यामुळे. मला माफ कर.