आधी डावी बाजू

माणसानं जहाज बांधलं ते क्षितिजापलीकडे काय आहे हे पाहण्याच्या अनावर ओढीपोटी, असं मी इंदापूरच्या कॉलेजात इतिहास शिकवताना दरवर्षी सांगत असे, आणि सांगताना माझा स्वतःचाच आवाज थोडा भरून येत असे. निवृत्तीनंतर प्रत्यक्ष जहाज बांधणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझे बारामतीचे साडू. त्यांना क्षितिज तर सोडाच, पाटसच्या पलीकडे जायचीही इच्छा नसते. पुण्याला जायचं ठरलं की आदल्या दिवसापासून त्यांचं पोट बिघडतं. त्यांनी जहाज बांधलं ते निव्वळ भीतीपोटी. आता मला असं वाटायला लागलंय की इतिहासातली बरीचशी जहाजं याच कारणानं बांधली गेली असावीत. फक्त ते पाहायला त्या माणसांचा कुणी साडू हजर नसल्यामुळे इतिहासात भीतीचा उल्लेख राहून गेला.

साडू पाटबंधारे खात्यात डाव्या कालव्यावर निरीक्षक होते. सबंध नोकरी त्यांनी काळजी करण्यात घालवली आणि खात्यानं त्या काळजीला पगार दिला. पाणी सुटलं की कालवा फुटेल ही काळजी, नाही सुटलं तर शेतकरी तो फोडतील ही काळजी. निवृत्तीनंतर कालवा गेला आणि काळजी तेवढी राहिली, तिला नेमून दिलेलं काम उरलं नाही. कुलूप लावल्यावर ते ओढून कुणीही पाहतं. साडू आधी स्वतः ओढून पाहतात, मग अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, ओढून पाहायला लावतात, आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर परत येतात, कारण अक्कांच्या ओढण्यात जोर नव्हता. एकदा आम्ही मोरगावला गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो. साडू हात जोडून इतका वेळ उभे राहिले की मागची रांग कुजबुजायला लागली. मला त्यांच्या भक्तीचा हेवा वाटला. बाहेर आल्यावर माझा दंड धरून म्हणाले, "पाव्हणं, त्या समईच्या बरोब्बर वर वायरिंग हाय. तुमी बघितलं का?"

अशा माणसाची एकुलती एक मुलगी बोटीवर नोकरीला गेली. अश्विनी मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. आमच्या भागात "मुलगी जहाजावर असते" म्हटलं की लोक जरा विचार करून विचारतात, "म्हंजे उजनीच्या धरणात?" साडूंना मात्र ते जहाज नेमकं कुठं आहे याची दिवसभर माहिती लागते. त्यांच्या मोबाईलवर एक फुकटचं ॲप आहे, त्यात जगातली जहाजं नकाशावर बाणाच्या रूपात दिसतात. सकाळी उठल्यावर लोक देवाला नमस्कार करतात, साडू बाण बघतात. बाण हलला तर चहा घेतात. पण जहाज किनाऱ्यापासून फार लांब गेलं की फुकटच्या ॲपमधून बाण नाहीसा होतो, आणि त्याबरोबर साडूंची भूकही. पृथ्वीच्या पाठीवर कुठंही वादळाची बातमी आली की ते बारामतीत गच्चीवरचे कपडे काढून आणतात.

गेल्या सुट्टीत हे सगळं पाहून अश्विनीनं जाताना त्यांच्या हातात एक भलामोठा डबा ठेवला. लाकडी शिडाच्या जहाजाचा सांगाडा आणि पट्ट्या होत्या त्यात, जोडून जहाज करायचं. ती म्हणाली, "बाबा, मी गेल्यावर तुम्ही नुसते फोनकडं बघत बसता. त्यापेक्षा हे करा. मी येईपर्यंत बाहेरून पूर्ण बंद झालं पाहिजे, कुठं फट नको." मुलगी गमतीनं बोलली होती. साडूंना गंमत कळते, पण ती झाल्यावर बऱ्याच दिवसांनी.

सूचनापत्रक इंग्रजीत होतं, म्हणून मला इंदापूरहून बोलावणं आलं. मधला कणा आणि त्याच्यावर उभ्या केलेल्या बरगड्या चिकटवून झाल्यावर जे उभं राहिलं ते पाहून अक्का म्हणाल्या, "माळकऱ्याच्या घरात टेबलावर हा माशाचा सापळा कशाला ठेवलाय?" पण ते काम सोपं होतं. खरं काम पुढं. त्या बरगड्यांवर लाकडाच्या लांब, अरुंद पट्ट्या एकमेकींना चिकटून बसवत न्यायच्या, वरच्या काठापासून खाली तळापर्यंत, की झालं जहाजाचं अंग. वाचायला एक वाक्य. पण जहाज पोटात फुगीर आणि नाकाकडे अरुंद असतं. पट्टी मात्र सगळीकडे सारखीच रुंद. म्हणजे प्रत्येक पट्टी पुढच्या टोकाला तासून निमुळती करायची, गरम पाण्यात भिजवायची, वाकवायची, चिकटवायची आणि सुकेपर्यंत चिमट्यानं धरून ठेवायची. आम्हा दोघांत मिळून याआधी केलेलं सुतारकाम म्हणजे मी एका पाटावर ठोकलेला खिळा, आणि त्या पाटावर अजूनही कुणी बसत नाही.

साडूंना तज्ज्ञाचा सल्ला हवा होता. म्हणून आम्ही डाळजला, धरणाच्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्या एका माणसाकडे गेलो. साडूंनी बराच वेळ काठावरूनच त्याच्या होडीचं निरीक्षण केलं आणि गंभीरपणे विचारलं, "फळ्या कशा जोडल्यात?"

"फळ्या कुठल्या, पत्रा हाय," तो म्हणाला. "वेल्डिंग करून आणली. बसा की आबा, चक्कर मारू."

"नको."

"आवो, गुडघाभर तर पाणी हाय हितं!"

"तेवढं पुरतं," साडू म्हणाले आणि दोन पावलं मागं सरकले. आयुष्यभर पाण्याची नोकरी केलेल्या या माणसाला पोहता येत नाही.

तर तज्ज्ञाशिवायच सुरुवात झाली. चहाच्या पातेल्यात पट्ट्या उकळायला लागल्या आणि त्या घरातल्या चहाला सागवानी चव आली. दोरीवरचे चिमटे एकेक करून जहाजावर गेले. अक्कांची साडी वाऱ्यानं शेजारच्यांच्या डाळिंबावर जाऊन बसली. पत्रकातला सर्वांत महत्त्वाचा नियम मी साडूंना मराठी करून दोनदा वाचून दाखवला: एक पट्टी डावीकडे लावली की दुसरी लगेच उजवीकडे लावायची, नाहीतर गोंद सुकताना ताण एकाच बाजूला येऊन कणा वाकतो. वरिष्ठांचं परिपत्रक ऐकावं तसं साडूंनी ते उभं राहून ऐकलं. डावीकडच्या दोन, उजवीकडच्या दोन पट्ट्या माझ्यासमोर लागल्या आणि मी निश्चिंत मनानं इंदापूरची एसटी पकडली.

त्याच आठवड्यात बाण नाहीसा झाला. जहाज मोठ्या समुद्रात शिरत होतं. काही दिवस फोन लागणार नाही, असं अश्विनीनं आधीच सांगून ठेवलं होतं. साडूंना ते पाठ होतं, पण पाठ असण्याचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. अक्कांचा फोन आला, "भाऊजी, जरा येऊन जा. हे जेवत न्हाईत. त्या जहाजाला पट्ट्या लावत सुटलेत, हाक मारली तरी ओ देत न्हाईत."

मी पोचलो तेव्हा साडू खुर्चीत अंग चोरून बसले होते. टेबलावर जहाज होतं. डावी बाजू वरपासून तळापर्यंत पूर्ण झाली होती, आणि नवशिक्याच्या मानानं चांगली झाली होती. उजव्या बाजूला माझ्यासमोर लावलेल्या त्या दोनच पट्ट्या, खाली उघड्या बरगड्या. आणि सगळं जहाज वरून पाहिलं तर केळ्यासारखं डावीकडे वळलं होतं.

"एक डावी, एक उजवी असं ठरलं होतं ना?" मी विचारलं.

"ठरलं व्हतं." ते जहाजाकडे न बघता म्हणाले. "पण फट दिसली की हात थांबंना. म्हनलं एक बाजू तरी पुरी बंद व्हऊ दे. आन् पाव्हणं, जल्मभर डावा कालवाच बघितला ओ. उजवा आमच्या हद्दीत येत न्हाय."

 मी एक पट्टी उचकटायचा प्रयत्न केला. बरगडीनं करकर आवाज केला तसा साडूंनी माझा हात घट्ट धरला.  "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. मग म्हणाले, "हे असं एका अंगाला गेलं आन् तिकडं पोरगी..." आणि थांबले.

"साडूभाऊ, हे खेळणं आहे," मी म्हणालो.

"ठावं हाय मला. म्हणून तर पुढचं बोललो न्हाय."

त्या दिवशी मी इंदापूरला परतलो नाही. आम्ही तिघं त्या वाकड्या जहाजाभोवती बसून राहिलो. मी समंजस बोलत होतो आणि अधूनमधून साडूंच्या मोबाईलकडे बघत होतो. त्यांच्या काळजीचा संसर्ग होतो हे माझी पत्नी बरीच वर्षं सांगत आली आहे. दुसऱ्या दिवशीही बाण नव्हता. अक्कांनी पोहे केले, ते कुणी खाल्ले नाहीत. दुपारी फोन वाजला तेव्हा साडूंनी तो उचलायच्या आधी उलटा धरला. अश्विनीच होती, जहाजावरच्या सॅटेलाइट फोनवरून; अक्कांनी स्पीकर लावला. त्यांनी कशी आहेस विचारलं नाही, जेवलीस का विचारलं नाही.

"आशू, तुझं जहाज सरळ हाय का?"

"सरळ म्हणजे?"

"म्हंजे एका अंगाला झुकत तर न्हाय ना?"

"झुकतं की कधीकधी," ती अगदी सहज म्हणाली.  "माल कमीजास्त भरला की झुकतं थोडं. मग दुसऱ्या बाजूच्या टाकीत पाणी घ्यायचं, की येतं सरळ. त्यात काय एवढं?"

साडूंनी विचारलं, "पाणी कोण सोडतं?"

"साहेब सांगतात, मी सोडते. का हो बाबा?"

फोन ठेवल्यावर साडू खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. काही वेळानं अक्कांकडे वळून म्हणाले, "अगं, पाणी सोडायचं काम तिच्याकडं हाय." कलेक्टर झाल्याची बातमी याहून वेगळ्या आवाजात सांगता आली नसती. मग त्यांनी गार झालेले पोहे खाल्ले, माझ्या वाटणीचेसुद्धा.

आणि उजव्या बाजूची पाळी सुरू झाली. पट्ट्या भरपूर भिजवायच्या, ताणून बसवायच्या, म्हणजे सुकताना त्या कण्याला आपल्याकडे ओढतील, असा साडूंचा हिशेब. पट्टी ताणून धरायचं काम माझं. माझी तर्जनी जहाजाच्या अंगाला अशी चिकटली की आरमाराचा इतिहास मी प्रथमच इतक्या जवळून अनुभवला. कणा निम्मा परत आला. उरलेला निम्मा तसाच राहिला. शेवटी साडूंनी भर दुपारी पडदे लावून जहाजाच्या पोटात बॅटरी पेटवून ठेवली आणि कालव्याच्या भरावावर गळती शोधावी तसे ते जहाजाभोवती फिरले. जिथून उजेडाचा ठिपका दिसला तिथं भुसा आणि गोंद. ठिपके संपेपर्यंत पडदे उघडले नाहीत. सोसायटीच्या अध्यक्षांना सुगावा लागताच ते शाल-श्रीफळाची तयारी ठेवून आले. "साहेब, जलावतरण सोहळा करू, फ्लेक्स लावू, आमदारांना बोलावू," असं म्हणाले. बाकीचं साडूंनी ऐकलंच नाही. "पान्यात सोडायचं न्हाय," एवढंच म्हणाले, आणि अध्यक्ष जिना उतरेपर्यंत जहाज छातीशी धरून उभे राहिले.

अश्विनी आली त्या दिवशी साडू बसस्टँडवर जाऊन थांबले होते. ती पुण्याहून गाडी करून परस्पर घरी आली, हा भाग सोडला तर स्वागत व्यवस्थित झालं. साडू धापा टाकत परतले तेव्हा तिनं जहाज हातात घेतलं होतं, डोळ्यांसमोर आडवं धरलं होतं आणि एक डोळा मिटून ती कण्याच्या रेषेत बघत होती. आम्ही तिघं जागच्या जागी थांबलो.

"बाबा, हे डावीकडं जातंय."

"व्हय."

"आधी डावी बाजू पूर्ण केलीत ना?"

"व्हय."

ती हसली, मग हसायची थांबली. अंगठा हळूहळू सगळ्या पट्ट्यांवरून फिरवला. "पण फट कुठंच नाही," ती म्हणाली. मग डब्यात डोकावली. "अहो, अजून एक थर असतो. हा कच्चा झाला, याच्यावर चांगल्या लाकडाचा. पट्ट्या तळाशी तशाच आहेत की. तुम्ही बघितल्या नाहीत?"

"बघितल्यात," साडू म्हणाले. तिची बॅग उचलून आत नेता नेता म्हणाले, "त्या तू गेल्यावर लावायच्यात."

अश्विनीनं जहाज हळूच टेबलावर ठेवलं. अक्का स्वयंपाकघरात गेल्या आणि मी, कारण नसताना, सूचनापत्रक पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

ती सुट्टी संपवून गेली त्याला काही दिवस झालेत. साडू दुसरा थर लावतात: एक डावीकडे, एक उजवीकडे, बाण दिसो वा न दिसो, आणि मुद्दाम सावकाश. मधल्या वेळात जहाज दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, स्टीलच्या डिनर सेटशेजारी असतं. अक्कांनी ते शोकेस भिंतीपासून जरा तिरकं सरकवून ठेवलंय. दारातून पाहिलं की जहाज सरळ दिसतं आणि शोकेस वाकडं.